नागपूर, या वेळी मुक्कामासाठी

ताडोब्याला जाताना, पेंचला जाताना आणि एकदा जबलपूरच्या एका लग्नाला जाताना, असे तीन वेळा आम्ही दोघे नागपूर स्थानकावर उतरलो होतो आणि तिन्ही वेळा दोन कप चहा घेऊन पुढच्या वाहनात बसलो होतो. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला कुठे जायचे यावर मी उदयपूर आणि पुदुच्चेरी यांचे हिशेब मांडत असताना नवऱ्याने "नागपूर" असे म्हटले, तेव्हा तो थट्टा करत आहे असेच मला वाटले. पुण्यातल्या मैत्रिणींनी तर "तिकडे कुणाचे काही काम निघाले का?" असेच विचारले. नागपूरला कामासाठी, अधिवेशनासाठी किंवा गाडी बदलण्यासाठी जातात. दोघांनी फिरायला म्हणून कुणी जात नाही, ही समजूत आपल्याकडे चांगली मुरलेली आहे.

त्याच्या डोक्यात सीताबर्डीचा किल्ला होता. हा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून सर्वसामान्यांसाठी तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतो. यंदा 26 जानेवारी सोमवारी येत होता. त्यामुळे आमचे नियोजन शेवटच्या दिवसापासून मागे आले: सोमवारी किल्ला, रविवारी रामटेक, शनिवारी जुने शहर. याशिवाय एक नियम आम्ही घरीच ठरवला. दिवसाला एक ठिकाण त्याच्या आवडीचे, एक माझ्या आवडीचे, आणि दुपारी एक ते चार या वेळेत काहीही ठरवायचे नाही. मागच्या दोन सहलींमध्ये यादीतली सगळी ठिकाणे पाहून झाली होती आणि आम्ही एकमेकांशी फक्त रिक्षाभाड्याबद्दल बोललो होतो; तो अनुभव या नियमामागे होता.

पहिला दिवस : शनिवार

रात्रीची गाडी सकाळी वेळेवर पोहोचली. नागपूर स्थानकाची वालुकाश्मातली इमारत 1925 सालची आहे, हे तिन्ही वेळा धावपळीत लक्षातच आले नव्हते. या वेळी बाहेर येऊन, मागे वळून, ती नीट पाहिली. हवेत चांगलाच गारठा होता. रिक्षावाले कानटोप्या घालून शेकोटीभोवती उभे होते आणि मी पुण्याच्या भरवशावर एकच पातळ शाल आणली होती.

हॉटेलात मात्र गंमत झाली. नोंदणी करताना वाढदिवसाचा उल्लेख केला होता, त्याचा परिणाम म्हणून पलंगावर टॉवेलांचे दोन हंस, भोवती गुलाबाच्या पाकळ्या, छताला चिकटलेले लाल फुगे आणि मेजावर एक केक अशी जय्यत तयारी होती. केकवरची नावे मात्र आमची नव्हती. खाली विचारले तर "तुम्ही खाऊन घ्या, त्यांना दुसरा देऊ" असे उत्तर मिळाले. हंसांखाली जो पलंग होता तो प्रत्यक्षात दोन सुटे पलंग जोडून केलेला होता आणि रात्री मधली फट हळूहळू रुंद होत गेली. अशा 'जोडप्यांसाठीच्या खास' योजनेला जादा पैसे मोजण्याचा विचार कुणी करत असेल तर माझे मत असे, की त्याच पैशांत झाडीकडे उघडणारी खिडकी असलेली खोली मागावी. सिव्हिल लाइन्स आणि रामदासपेठ या भागांत ती मिळू शकते, आणि दुपारच्या रिकाम्या तीन तासांत खिडकीचाच उपयोग होतो, फुग्यांचा होत नाही.

न्याहारी कस्तुरचंद पार्कजवळच्या एका टपरीवर केली. पुण्याचे पोहे आणि नागपूरचे तर्री पोहे यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक, वर तेलाचा थर असलेला रस्सा ओततात, त्यावर कच्चा कांदा, सांभार आणि लिंबू. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे माहीत नसल्यामुळे "सांभार टाकू का?" या प्रश्नाला मी "नको, इडली नाही घेतलेली" असे उत्तर दिले आणि टपरीवरचे चार-पाच जण मनापासून हसले.

जुन्या शहरात जाण्यासाठी मेट्रोने चितार ओळी चौकात उतरलो. इथल्या मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, त्यामुळे शहर समजून घ्यायला ती फार सोयीची पडते. शिवाय लोकमान्य नगरकडे जाणारी मार्गिका अंबाझरी तलावाच्या काठाने जाते, आणि केवळ तेवढ्यासाठी एक फेरी मारायलाही हरकत नाही.

चितार ओळी हे माझे ठिकाण होते. मूर्तिकारांची ही वस्ती महाल या जुन्या शहरातल्या भागाच्या कडेला आहे. आदल्याच दिवशी वसंत पंचमी होऊन गेली होती, त्यामुळे काही दारांसमोर न गेलेल्या सरस्वतीच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. एकीची वीणा रंगवायची राहून गेली होती. आत एक वयस्क गृहस्थ मातीचा लगदा मळत बसले होते. वसंत पंचमी म्हणजे आपल्याकडे खरे तर मदनाचा उत्सव, आणि आपण वाढदिवसाची सहल नेमकी त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केली, असे मी नवऱ्याला सांगत होते, तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "आता काय पाहान ताई? मारबत पाह्यची असन तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. तवा पाहा नागपूर."

मारबतीची हकीकत त्यांच्याकडून ऐकण्यासारखी होती. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. रोगराई आणि अरिष्टे "घेऊन जा गे मारबत" म्हणत या पुतळ्यांबरोबर गावाबाहेर घालवायची, आणि सोबत त्या त्या वर्षीच्या राग आणणाऱ्या गोष्टींचे बडगे, म्हणजे पुतळेच, काढायचे. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी बांकाबाई भोसले, असे लोक सांगतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका राणीवरचा राग अजून दरवर्षी नव्याने काढणारे शहर मला त्या क्षणी आवडू लागले.

तिथून महालात जायला रिक्षा केली, तर चालक आमच्यावरच नाराज झाला. "महालात काऊन जाऊन राह्यले भाऊ? तिथं पाह्यला काय हाय? वहिनीले फुटाळ्याले न्या ना." आम्ही भोसल्यांचा वाडा, गांधी गेट वगैरे म्हटल्यावर मात्र त्याचा सूर बदलला आणि 2025 साली राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून विकत घेतलेल्या पहिल्या रघूजी राजांच्या तलवारीची गोष्ट त्याने अशी सांगितली, की जणू तो स्वतः ती आणायला गेला होता.

महालाचे खरे म्हणजे असे आहे, की तिथे 'पाहायला' गेले तर थोडे मिळते आणि चालायला गेले तर पुष्कळ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेड्यांच्या जागी हे शहर वसवले; त्याचा वारस चांद सुलतान याने इथे राजधानी आणली, भोवती तट बांधला; पुढे गोंडांच्या घरातल्या वारसावादात रघूजी भोसले आले आणि राहिले. हा सगळा इतिहास एखाद्या फलकावर एकत्र लिहिलेला सापडत नाही. तो वाड्यांच्या दिंडी दरवाजांत, मोबाइलच्या दुकानावर टेकलेल्या लाकडी तुळईत, भोसलेकालीन देवळांच्या ओवऱ्यांत सुटा सुटा पडलेला आहे. चिटणवीस वाड्यासमोर आम्ही दोघे बराच वेळ उभे होतो. तटातला शिल्लक असलेला जुम्मा दरवाजा आता गांधी गेट म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या जाड कमानीखालून दुचाक्या, हातगाड्या आणि शाळेच्या व्हॅन सतत जात-येत असतात.

दरवाजापासून जवळच तलाव आहे. चांद सुलतानाच्या काळातला तो जुम्मा तलाव, मराठी राज्यात शुक्रवारी तलाव आणि स्वातंत्र्यानंतर गांधीसागर. राज्यकर्ते बदलले तरी जुम्मा आणि शुक्रवार हा वार एकच राहिला, याची नवऱ्याला फार मौज वाटली. पुण्यात आम्ही रविवार पेठ, शुक्रवार पेठ म्हणतो. नागपुरात इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. बाजार त्याच वारांचे, पण नावे मात्र उत्तरेची.

तलावाच्या जवळच जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी बंद पडली आणि आता त्या जागेवर मॉल उभा आहे. आत जाण्याची इच्छा दोघांनाही झाली नाही.

दुपार होण्यापूर्वी एक काम उरकले. इतवारीतल्या एका दुकानात करवतकाठी साडी पाहिली. टसरची, काठाला करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण असलेली ही विदर्भातल्या कोष्टी विणकरांची साडी. दुकानदाराने तीसेक साड्या उलगडल्या आणि नवऱ्याने, वीस वर्षांत प्रथमच, घड्याळाकडे न पाहता त्यातली एक निवडली. मी निवडली असती तशीच ती होती, हे मी त्याला सांगितले नाही.

एक ते चार खोलीत झोपलो. मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा 'अजब बंगला', या वेळेत पाहता आला असता. 1863 पासूनचे ते संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यामुळे ज्यांना ते पाहायचे असेल त्यांनी शनिवार-रविवारमध्येच बसवावे. आम्ही नियम पाळला आणि ते राहून गेले.

संध्याकाळी रिक्षावाल्याचे ऐकून फुटाळ्याला गेलो. भोसल्यांच्या काळातला हा तलाव शहराच्या पश्चिमेला आहे आणि सूर्य पलीकडच्या हिरव्या काठामागे उतरतो, त्यामुळे रस्त्याच्या बाजूच्या कट्ट्यावर बसले की समोर फक्त पाणी आणि लाल आकाश राहते. कट्टा ओळीने जोडप्यांनी भरलेला होता. आमच्या दोन्ही बाजूंना विशी-बाविशीतली मुले होती. त्यांच्यात आम्ही बसल्यावर डावीकडचे जोडपे थोडे सावरून बसले, बहुधा आम्ही कुणाचे तरी आई-वडील असू म्हणून. भाजलेल्या कणसाचा वास, पाण्यावरून येणारा बोचरा वारा आणि अर्धी अर्धी वाटून घेतलेली एकच शाल. काही विशेष बोललो असे नाही. मुलाच्या वसतिगृहाचा विषय निघाला आणि तोही लवकर संपला.

जेवायला सावजी. हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेले हे जेवण गिरण्यांच्या आणि विणकरांच्या वस्त्यांतून शहरभर पसरले, आणि जवसाच्या तेलात केलेला काळ्या मसाल्याचा रस्सा ही त्याची मूळची ओळख. आपण कोल्हापूरचा तांबडा रस्सा पचवलेला आहे, असे नवऱ्याने वाढप्याला सांगितले, ही चूक झाली. तिसऱ्या घासाला त्याने तांब्याकडे हात नेला तेव्हा तोच वाढपी म्हणाला, "पाणी नका पिऊ भाऊ, अजून झोंबन. निंबू पिळा, भाकर खा." मी पाटोडी रस्सा घेतला होता, बेसनाच्या वड्यांमुळे त्याचा तिखटपणा थोडा मवाळ होतो. तिखटाची सवय नसणाऱ्यांनी रस्सा वेगळ्या वाटीत मागावा आणि भाकरी त्यात बुडवावी, ओतून घेऊ नये. शिवाय दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास असेल तर सावजी आदल्या रात्री नको. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

दुसरा दिवस : रविवार

रामटेक नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत जाऊन आत. बसेस आहेत, पण दोघांसाठी दिवसभराची गाडी केली तर खिंडसी तलावही त्याच फेरीत होतो. सकाळी सातला निघालो; शेतांवर धुके होते आणि नवरा पोट धरून गप्प बसला होता.

रामटेक हे आम्हा दोघांचेही ठिकाण होते. मेघदूतातला शापित यक्ष जिथे वर्षभर राहिला तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मत नागपुरात अध्यापन केलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी विस्ताराने मांडले आहे. कॉलेजात संस्कृतच्या तासाला नवरा माझ्या मागच्या बाकावर बसत असे आणि आमची ओळखच त्या काव्याच्या टिपणांच्या देवघेवीतून झाली, त्यामुळे गेली वीस वर्षे "एकदा रामटेकला जाऊ" हे वाक्य आमच्या घरात अधूनमधून उच्चारले जात होते.

गडावर पायऱ्यांनीही जाता येते आणि वाहनानेही बरेच वर पोहोचता येते. आम्ही अर्धे अंतर वाहनाने आणि उरलेले पायी केले. माकडे भरपूर आहेत आणि ती कुशल आहेत. प्रसादाची पिशवी हातात धरली तर ती आपली राहत नाही. माझ्या हातातली चिक्की गेली, पण पर्स वाचली. चश्मा आणि मोबाइल आत ठेवावेत.

वर श्रीरामाचे गडमंदिर, ज्याचा जीर्णोद्धार रघूजी भोसल्यांनी केला. आणि त्याच्या अलीकडे, बहुतेक भाविक घाईत ओलांडून जातात ती दोन लहान, जाड दगडांची नरसिंहाची देवळे: केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. ती वाकाटकांच्या काळातली, म्हणजे साधारण पाचव्या शतकातली आहेत. शिखरांचा डौल नाही, नक्षी बेताची. आतला नरसिंह मात्र भीतिदायक नाही. एक गुडघा वर करून, निवांत बसलेला, भरदार अंगाचा.

इथे प्रभावतीगुप्ताची आठवण काढावीच लागते. ती चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिलेली. नवरा लवकर गेला, मुले लहान, आणि राज्याची सूत्रे तिने स्वतः सांभाळली. तिचा एक ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, म्हणजे ती या टेकडीवर दर्शनाला येत होती. देवळाच्या सावलीत बसल्यावर माझ्या असे लक्षात आले, की ज्या टेकडीवर आपण हौसेने जोडीने आलो, तिच्या दोन्ही मोठ्या गोष्टी विरहाच्या आहेत. एक यक्ष, जो अलकेतल्या पत्नीला ढगाकरवी निरोप धाडतो. आणि एक राणी, जिला निरोप धाडायलाही कुणी उरले नव्हते. नवऱ्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "म्हणूनच तर बरोबर यायचं असतं इथे. एकट्याने आलं की काव्य करावं लागतं." त्याचे पोट तोपर्यंत ताळ्यावर आले असावे.

कालिदास स्मारकातून चहूकडचा मुलूख दिसतो. जानेवारीच्या अखेरीला आकाशात ढगाचा मागमूसही नव्हता. निळे, कोरडे, स्वच्छ आकाश. आषाढात पुन्हा यायचे असे तिथेच ठरले. ज्यांना या जागेचे काव्य पाहायचे असेल त्यांनी खरोखरच पावसाळा निवडावा. ज्यांना पायऱ्या चढायच्या आहेत त्यांना आमचा महिना बरा. एप्रिल-मेमध्ये मात्र येऊ नये. विदर्भातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि तिथे प्रेमापेक्षा सावलीला महत्त्व येते.

उतरताना एका घराच्या ओसरीवर चहा मिळाला. चहा करणाऱ्या आजींनी, आम्ही न मागता, बशीत दोन सांभारवड्या ठेवल्या. कोथिंबिरीचे खमंग सारण भरून तळलेली ही वडी पुण्यात 'पुडाची वडी' म्हणून मिळते, पण तिथे सारणापेक्षा पारी जास्त असते. पैसे विचारले तर "चहाचे द्या. वड्या काल पोरगी आली होती, तिच्यासाठी केल्या होत्या" असे म्हणाल्या. आम्ही थोडे जास्त ठेवले, त्यांनी मोजून परत केले. खिंडसीला नौकाविहाराची मोठी रांग होती. काठावरून तलाव पाहिला आणि निघालो.

परतल्यावर संध्याकाळी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही भूमी. सांचीच्या धर्तीवरचा आजचा भव्य स्तूप 2001 मध्ये पूर्ण झाला. जोडीने फिरण्याच्या ठिकाणांत हिचे नाव कुणी घेणार नाही आणि तशी ती नाहीच. तरीही नुकतेच लग्न झालेले एक जोडपे, दोघेही पांढऱ्या वस्त्रांत, घरच्या दहा-बारा माणसांसह अस्थिकलशासमोर वंदन करायला आले होते. वधूच्या हातावरची मेंदी अजून गडद होती. घुमटाखाली बोलणे आपोआप हलके होते. आम्ही बाहेर बोधिवृक्षाजवळ अर्धा तास बसलो. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे देशभरातून लोक येतात. त्या दिवसांत यायचे तर राहण्याची सोय फार आधी करावी. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असेल तेव्हाही तेच, कारण आमदार, अधिकारी आणि मोर्चे यांच्यात चांगली खोली मिळणे अवघड जाते.

त्या रात्री लिफ्टमध्ये एक तरुण जोडपे भेटले. अकोल्याचे, लग्नाला तीन आठवडे झालेले. बोलता बोलता उलगडा झाला, की त्यांच्या खोलीतल्या केकवर आमची नावे होती आणि तो त्यांनी शनिवारीच संपवला होता. "काका, काकू, सॉरी हं," असे ती मुलगी म्हणाली. केकचे काही वाटले नाही, 'काकू' मात्र लागले. सकाळी किल्ल्यावर जाणार असल्याचे आम्ही सांगितले, तर त्यांनी मॉलचा बेत असल्याचे सांगितले.

तिसरा दिवस : सोमवार

झेंडावंदनाच्या कर्कश कर्ण्यांनी शहर पहाटेच जागे झाले. किल्ल्याच्या प्रवेशद्वारापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा रांग बरीच लांब गेली होती: शाळेचे गणवेश, तिरंगी बांगड्या, कडेवरची बाळे. ओळखपत्र जवळ ठेवावे, पिशव्या कमीत कमी न्याव्यात आणि लवकर जावे, एवढी तयारी पुरते.

आमच्या पुढे एक सत्तरीचे जोडपे होते. आजोबा म्हणाले, "साठ वर्षं झाले जी मले नागपुरात. रोज या टेकडीखालून ड्यूटीवर गेलो. वर आज पह्यल्यांदा जाऊन राह्यलो." इतकी वर्षे का राहून गेले, असे नवऱ्याने विचारले, तेव्हा आजींनी मध्येच उत्तर दिले: "डोळ्यापुढं होता न, म्हणून राहून गेला. मीच म्हटलं, आता गुडघे हायेत तोवर चला." चढावर आजोबा दर वीस पावलांना थांबून आम्हाला काहीतरी दाखवत होते, तेवढ्यात आजी दम खाऊन घेत होत्या. ही त्यांची युक्ती होती हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

सीताबर्डीच्या या जोडटेकड्यांवर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि ईस्ट इंडिया कंपनीची लढाई झाली. भोसल्यांकडच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी काबीज केली होती. ती हातची गेली आणि लढाईही गेली. किल्ल्याचे बांधकाम त्यानंतर इंग्रजांनी केलेले. 1853 मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि त्यापाठोपाठ डलहौसीने राज्यच खालसा केले. तटावरून खाली पाहिले की हा क्रम डोळ्यांना कळतो: पूर्वेला रेल्वे स्थानक आणि त्यापलीकडे महाल-इतवारीची दाट घरे, उलट बाजूला सिव्हिल लाइन्सची झाडी, जिथे राज्यकर्त्यांनी मोकळी जागा स्वतःसाठी राखून ठेवली. दोन्हीकडे आम्ही तीन दिवसांत चाललो होतो, त्यामुळे ओळखीच्या खुणा शोधण्यात वेळ चांगला गेला. अकोल्याचे जोडपेही तिथे दिसले. मॉल अकराला उघडतो म्हणून ते आले होते.

खाली उतरून झिरो माईल पाहिला. 1907 साली भूमापनासाठी उभारलेला हा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याशेजारचे चार घोडे शहराचे बोधचिन्हच झाले आहेत. हा देशाचा मध्यबिंदू असे सर्रास सांगितले जाते. नवऱ्याच्या मते ते मोजणीचे एक प्रमाणस्थान आहे एवढेच खरे, आणि हे तो शेजारी छायाचित्र काढणाऱ्या कुटुंबालाही सांगू पाहत होता, म्हणून मी त्याला पुढे नेले. स्तंभाच्या चौथऱ्यावर हैदराबाद 318 मैल, शिवाय जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा यांची अंतरे कोरलेली आहेत. पुण्याचे नाव नाही. सिव्हिल लाइन्समधून चालत जाऊन उच्च न्यायालयाची 1940 ची घुमटाकार इमारत बाहेरून पाहिली; सुटीमुळे रस्ता इतका रिकामा होता, की दोघे मधोमध चालू शकत होतो.

शेवटचे काम संत्र्यांचे. फळविक्रेतीने प्रामाणिकपणे सांगितले, "आंबिया सरला न ताई. मृग आत्ता कुठी येऊन राह्यला. दोन-तीन हप्ते थांबा, मंग पाहा गोडी." आंबिया बहराची संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीची आणि मृग बहराची फेब्रुवारीनंतरची, आम्ही नेमके दोन्हींच्या मध्ये सापडलो होतो. ज्यांना संत्र्यांसाठी यायचे आहे त्यांनी ही फट टाळावी. संत्रा बर्फी मात्र बारा महिने मिळते, ती चार डबे घेतली. नवऱ्याने विक्रेतीचे न ऐकता दोन किलो संत्रीही घेतली.

बडनेरा जाईपर्यंत त्याने तीन संत्री सोलून संपवली आणि गोड असल्याचे सांगितले. चौथे मी खाल्ले.